होडीच्या गेमची कायदेशीर प्रत

२ नोव्हेंबर, पाडवा

दुपारी रिताने लॅपटॉप माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, "बाबा, ओळखा पाहू."

आधी काळा पडदा, मग ती धून. मी खुर्चीवरून उठलोच. होडीचा गेम! निळी नदी, दोन्ही काठांना झाडं, एक लाल होडी, एक हिरवी. मी आठवीत असताना श्रावणदादाने नागपूरहून टीव्ही गेम आणला होता, त्याच्यासोबतच्या पिवळ्या कॅसेटमध्ये हा होता. कॅसेटवर सगळी चिनी अक्षरं, त्यामुळे गेमचं खरं नाव आम्हाला कधी कळलंच नाही. दादाची लाल होडी, माझी हिरवी. एकोडी गावातली निम्मी पोरं आमच्या खिडकीला लटकलेली असायची.

खेळलो. बराच वेळ खेळलो. हर्षा दोनदा जेवायला बोलावून गेली.

जेवताना मात्र मला जे सुचलं, ते आधीच सुचायला हवं होतं. विचारलं, "रिता, हा गेम कुठून आणलास?"

"नेटवरून."

"मालकाची परवानगी?"

"बाबा, तीस वर्षांआधीचा गेम आहे. मालकाले आठवत तरी असन का?"

मी तिला तिथेच बसवून फाईल काढायला लावली. बाप म्हणून नव्हे, नागरिक म्हणून. ज्या घरात राज्यशास्त्राचा शिक्षक आणि कायद्याचा पदवीधर राहतो (सनद घेतली नाही, पण पदवी आहे), त्या घरात चोरीचा माल नको. रिताने मुकाट्याने काढली. मग म्हणाली, "मोठ्या बाबाले दाखवाले न्या म्हनत होती मी तुमाले. एकोडीले."

म्हटलं, काढलेली फाईल दादाला कशी दाखवणार?

ताटं उचलताना हर्षाच्या हातून जरा जास्तच आवाज झाला.

३ नोव्हेंबर

भाऊबीज. हर्षाचे भाऊ येऊन गेले. ती धून डोक्यातून जात नाही. आंघोळीला गेलो तर तिथेही तीच.

५ नोव्हेंबर

रिता सकाळच्या गाडीने नागपूरला गेली. तिसरं वर्ष आहे फिजिओथेरपीचं, दिवाळीतही चार दिवस धड मिळत नाहीत.

मी मात्र सुट्टीचा सदुपयोग केला. कॉपीराइटचा कायदा काढून बसलो. आपल्या कायद्यात 'एम्युलेटर' हा शब्दच नाही. एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम. संगणकाला वाटायला लागतं की आपण तो जुना टीव्ही गेम आहोत. असा प्रोग्राम कोणी स्वतःच्या डोक्याने लिहिला असेल तर त्यात चोरी कुठे? चोरी असते ती गेमच्या फाईलमध्ये. गेम म्हणजे एक प्रकारचं लेखनच. लिहिणारा मेल्यानंतरही साठ वर्षं त्याचा हक्क राहतो.

हे हर्षाला सांगितलं. ती वाती वळत होती. म्हणाली, "म्हणजे आधी तो मरणार, मग साठ वर्षं. तोवर तुम्ही राहाल का?"

पण मला वाट सापडली आहे. कलम ५२, पोटकलम १, खंड 'एडी'. स्वतः कायदेशीररीत्या मिळवलेल्या प्रतीवरून, स्वतःच्या वापरासाठी, धंदा न करता नक्कल काढली तर तो गुन्हा नाही. म्हणजे कॅसेट आपली असेल तर तिच्यातला गेम उतरवून घेता येतो. कॅसेट आहे! गेममध्ये काही वाईट नाही, फक्त मार्ग चुकला होता.

अडचण एवढीच की कॅसेट एकोडीला आहे, दादाच्या माळ्यावर.

दादा माझ्याशी सहा वर्षं बोलत नाही. कारण इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे कोणी वाचलं तर गैरसमज नको. एकोडीच्या तलावाच्या हद्दीची मोजणी निघाली तेव्हा दादाची एक बांधी, म्हणजे धानाचा एक तुकडा, तलावाच्या पोटात गेलेली आढळली. बाबांच्या काळापासून तिथे रोवणी होत होती. सातबारावर दादासोबत माझंही नाव असल्याने पंचायतीने मला विचारलं. मी खरं ते लिहून पोस्टाने पाठवलं. बांधी गेली. गावातल्या बाकीच्यांची अतिक्रमणं अजून तशीच आहेत म्हणतात, पण बाकीच्यांचे भाऊ कायदा शिकलेले नव्हते, त्याला मी काय करणार?

६ नोव्हेंबर

एकोडीला न जाता काम होतं का पाहावं म्हणून इथे पवनीच्या बाजारात फिरलो. मंगेशच्या मोबाइलच्या दुकानात टीव्हीला लावायची एक काडी मिळते, तिच्यात हजारो जुने गेम. मंगेश माझा जुना विद्यार्थी. मी विचारलं, "हे कायदेशीर आहे का?"

"म्हंजे काय, सर! पक्कं बिल देतो ना तुमाले."

"बिलाचं नाही रे. गेमच्या मालकांना हिस्सा जातो का?"

मंगेशने काडी उलटसुलट करून पाहिली, जणू मालकांचे पत्ते मागे लिहिलेले असतील. मग म्हणाला, "सर, तुम्ही आमाले मूलभूत हक्क शिकवले होते. हे कोनत्या धड्यात होतं?"

मी तसाच परतलो.

हर्षा म्हणते, "एकोडीले फोन लावा ना सरळ." मी म्हटलं, ते कौटुंबिक होईल. हा कायद्याचा प्रश्न आहे.

८ नोव्हेंबर

फोन लावला. दादाचा नंबर अजून तोच आहे. कुंतावहिनीने उचलला.

मी म्हटलं, "वहिनी, भोजराज बोलतोय. माळ्यावर आपल्या टीव्ही गेमची पिवळी कॅसेट असेल. असल्यास ती मला कलम बावन्नच्या कामासाठी..."

मग वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सहा वर्षानं फोन केला, थो कॅसेटसाठी?"

"हो. म्हणजे, फक्त तेवढ्यासाठीच. दादाला त्रास नको."

"मी काही माळ्यावर चढत नाही. पाह्यजे तं या अन् घेऊन जा."

मागून दादाचा आवाज आला. कोण आहे, असं विचारत असावा. आवाज ओळखीचा वाटला, पण शब्द ओले झाल्यासारखे. तंबाखू असेल तोंडात. वहिनी त्याला म्हणाल्या, "पवनीवाले." फोन ठेवला.

हर्षाला सांगितलं तर ती म्हणाली, "रविवारी निघा. मी डबा देते, वहिनीसाठी अनारसे देते." डबा आधीच भरून ठेवल्यासारखी तिची घाई.

१० नोव्हेंबर

एकोडीला जाऊन आलो. क्रमाने लिहितो.

सगळीकडे धान कापून पडलेलं, गाडी जागोजागी थांबत होती. घरी पोचलो तेव्हा वहिनी अंगणात वाळवण उलटत होत्या. त्यांनी पाणी दिलं आणि हाताने सपरीकडे दाखवलं. सपरी म्हणजे आमची पुढची ओसरी.

दादा तिथे बाजेवर बसला होता. समोर मोबाइल उभा करून ठेवलेला, हातात लहानसा रिमोट. उजवा हात चांगला चालत होता. डावा मांडीवर ठेवलेल्या भांड्यासारखा, त्याचा फक्त अंगठा रिमोटवर हळूहळू हलत होता. ओठाचा एक कोपरा खाली ओढलेला. मोबाइलमधून ती धून येत होती.

मी वहिनींना विचारलं, "हे कधी?"

"उन्हाळ्यात. झटका आला. साकोलीले नेलं, मंग भंडाऱ्याले."

"मला कळवलं नाही?"

"हर्षाले कळवलं ना."

म्हणजे हर्षाला ठाऊक होतं. वहिनी सांगत होत्या ते असं: डॉक्टरांनी डाव्या हाताच्या बोटांना व्यायाम सांगितला. रबरी चेंडू दिला. दादाने दोन दिवस दाबला आणि तिसऱ्या दिवशी गोठ्यात फेकला. मग रिता यायला लागली, नागपूरहून, रविवारी सकाळी येऊन संध्याकाळी परत. तिनेच माळ्यावरून कॅसेट शोधली, तिच्यावरच्या अक्षरांचा फोटो घेऊन नेटवर गेम हुडकला आणि दादाच्या मोबाइलमध्ये घातला. होडी डाव्या अंगठ्याने वळवायची. "तवापासून रोज खेळतात. आधी अंगठा हालत नोहोता, आता पाहा."

मी पाहिलं. लाल होडी काठाला घासत घासत चालली होती. हिरवी सुरुवातीच्या घाटालाच उभी होती, कारण दुसरा खेळणारा नव्हता.

माझ्या घरात मला कोणी काही सांगत नाही. असं का, हे खरंच कळत नाही. मी कधी कोणावर ओरडत नाही.

दादाने वर पाहिलं. मला ओळखलं आणि पुन्हा पडद्याकडे वळला. मी त्याच्याजवळ बसलो आणि शांतपणे सगळं समजावून सांगितलं: हा गेम चांगला आहे, पण ही प्रत बेकायदेशीर आहे. जाणूनबुजून चोरीचा प्रोग्राम वापरला तर कलम ६३-ब लागू शकतं, किमान सात दिवसांची कैद. तुझ्या अशा तब्येतीत तो धोका नको. मी कॅसेट घेऊन जातो, तिच्यातून गेम रीतसर उतरवून घेतो, आठवडाभरात तुला कायदेशीर प्रत आणून देतो. तोवर ही काढून टाकू.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, राहू द्या ना."

दादाने मात्र रिमोट खाली ठेवला, मोबाइल उचलला आणि माझ्यापुढे धरला. सहा वर्षांत पहिल्यांदाच माझ्याशी बोलला. "ने. तुले नेताच येते."

हा टोमणा बांधीवरून असावा. पण बांधी मी नेली नाही, शासनाने नेली.

फाईल काढली. कॅसेट पिशवीत घातली. अनारशांचा डबा रिकामा पाठवायचा नाही म्हणून वहिनींनी त्यात पोहे भरून दिले, पण दारापर्यंत आल्या नाहीत.

११ नोव्हेंबर

हर्षा बोलत नाही. मी म्हटलं, दादाच्या आजाराचं तू मला सांगितलं नाहीस, रागवायचं तर मी रागवायला हवं. ती म्हणाली, "सांगून काय झालं असतं? तुम्ही आधी दवाखान्याची नोंदणी तपासली असती."

कॅसेट कुरिअरने रिताला पाठवली. तिच्या मैत्रिणीच्या भावाकडे कॅसेटमधला गेम संगणकात उतरवायचं यंत्र आहे. पावती जपून ठेवली आहे.

१७ नोव्हेंबर

रिताचा फोन. तिचा आवाज रागावलेलाही नव्हता, हसराही नव्हता.

"बाबा, बसून घ्या. आम्ही कॅसेट खोलली. कंपनीची चिप असते तशी काही नाही आतमध्ये. हिरव्या पट्टीवर काळ्या डांबराचा एक थेंब आहे फक्त."

"मग?"

"मग नकली आहे. गेम चोरून भरला कोणीतरी, चीनमध्ये नाही तं तैवानमध्ये. मोठ्या बाबानं विकत घेतला तवाच चोरीचा होता."

मी विचारलं, निदान टीव्ही गेम तरी?

"थोही नकली. कंपनीचं मशीन आपल्याकडं विकाले आलंच नोहोतं. कोणीतरी त्या मशीनची नक्कल करून डब्यात भरली. म्हणजे पाहा ना, तुम्ही लहानपणी खेळत होते थोच एम्युलेटर होता. प्लास्टिकचा."

मी फोन ठेवून अंगणात आलो. आठवी, नववी, दहावी. उन्हाळ्याच्या सगळ्या दुपारी. दादाने धानाच्या हंगामानंतर नागपूरला जाऊन, डोक्यावर खोका घेऊन आणलेली वस्तू. एकही दिवस कायदेशीर नव्हता.

कलम ५२ लागू होत नाही. प्रत कायदेशीररीत्या मिळवलेली असावी लागते. चोरीच्या मालावरून काढलेली नक्कल चोरीचीच.

१८ नोव्हेंबर

अजून एक मार्ग: प्रत्यक्ष मालकाची परवानगी. रिताने गेमचं आणि कंपनीचं नाव कळवलं. इंग्रजीत सविस्तर ईमेल लिहिला, भावाच्या आजाराचा उल्लेख केला, डॉक्टरांचा दाखला जोडण्याची तयारी दाखवली. पाठवल्याबरोबर परत आला. असा पत्ता अस्तित्वात नाही. शोधलं तर कंपनी कधीच बुडाली, तिचे हक्क दुसरीने घेतले, ती तिसरीत विलीन झाली, आणि तिसरी आता फरशा बनवते. फरशीवाल्यांनाही ईमेल केला. त्यांच्याकडून आपोआप उत्तर आलं, त्यात नव्या डिझाइनची पुस्तिका होती.

उद्यापासून निवडणुकीची ड्युटी.

२१ नोव्हेंबर

मतदान केंद्रावरून परत आलो. मशीन, सील, सह्या, सगळं बिनचूक. केंद्रावरच्या पोलीस शिपायाने माझं कौतुक केलं.

घरी हर्षा फोनवर होती. मी आलो तसा तिने फोनचा आवाज मोठा केला आणि मधोमध टेबलावर ठेवला. कुंतावहिनी बोलत होत्या. मी ऐकतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

"...हातात काहीच घेत नाहीत. चेंडू देल्ला, फेकून देल्ला. दुसरा गेम टाकून देते म्हने रिता, तं म्हनतात नाही, पाह्यजे तं थोच. बोटं वळून राहिली, हर्षा. मुठीतून काढते म्हनलं तं निंगत नाही. कालपासून जेवनही डाव्या अंगाकडून सांडते. डॉक्टर म्हने इतकं सुधारून राहिले होते, मंधात काय झालं?"

हर्षाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, मी परवानगीचे सगळे मार्ग तपासले आहेत. वहिनींना माझा आवाज ऐकू गेला. मग म्हणाल्या, "असं? भाऊजी आहेत का तिथं? बरं, बरं. ठेवते मंग."

रात्रीचं जेवण नीट गेलं नाही. ड्युटीचा थकवा.

२२ नोव्हेंबर

आज कायदा पुन्हा वाचला. अपंगांसाठी एक खंड आहे, 'झेडबी'. त्यांना वाचता, वापरता यावं अशा रूपात कृती उपलब्ध करून देता येते. दादाला तो लावता येईल का, यावर पानभर टिपण लिहिलं. शेवटी मलाच पटलं नाही. गेम दादाला दिसतो, ऐकू येतो. त्याला तो कळतोही. फक्त तो त्याच्याकडे नाही, कारण मी काढून टाकला.

हे शेवटचं वाक्य टिपणात नव्हतं.

२४ नोव्हेंबर

हर्षा देवळात गेली होती. मी माझा लॅपटॉप सुरू केला आणि रिताने सांगितलेलं गेमचं नाव टाकलं. साइट उघडली ती जाहिरातींनी भरलेली. एका बाईने मला भेटायचं आहे असं सांगितलं, एका चौकोनाने मला बक्षीस लागल्याचं सांगितलं. डाउनलोड असं लिहिलेली पाच बटणं, त्यांतलं खरं एक. चौथ्यांदा सापडलं.

फाईल इतकी लहान की उतरली हे कळलंच नाही. माझ्या एका फोटोपेक्षा लहान. एवढ्याशा जागेत ती सगळी नदी.

हर्षा परत आली तेव्हा मी पडदा बंद केला. तिने प्रसाद दिला आणि म्हणाली, "घाम काहून आला तुमाले?"

२६ नोव्हेंबर, संविधान दिन. एकोडी

सकाळी कॉलेजमध्ये 'कायद्याचे राज्य' या विषयावर माझं भाषण होतं. दरवर्षी तासभर बोलतो. आज उद्देशिकेचं वाचन झाल्यावर दहा मिनिटांत आटोपलं, कारण साकोलीची गाडी होती. टाळ्या इतर वर्षांपेक्षा जास्त पडल्या. प्राचार्य म्हणाले, फार मुद्द्याचं बोललात.

एकोडीला दुपारी पोचलो. दादा बाजेवर आडवा होता, डावी मूठ छातीशी. मी लॅपटॉप काढला, मंगेशच्या दुकानातून आणलेले दोन रिमोट जोडले. वहिनी चौकटीला टेकून पाहत राहिल्या. धून सुरू झाली तसा दादा उठून बसला.

पडद्याकडे पाहत त्याने विचारलं, "कायद्याचा हाये?"

"नाही."

"कॅसेटीतला नोहोय?"

"कॅसेटच चोरीची निंगाली, दादा. टीव्ही गेमही."

दादाने मान वर केली. मग त्याच्या तोंडाचा चांगला कोपरा वर गेला, आणि मग तो हसायला लागला. वाकड्या तोंडाने, गदगदून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वहिनी धावल्या, त्यांना वाटलं पुन्हा झटका आला.

"अन् हा कोनं आनला?"

"मी."

"चोरून?"

"हाव."

"मंग पंचायतीले लिहून दे आता," दादा म्हणाला.

तो हसायचा थांबला. शब्द त्याला सावकाश काढावे लागत होते.

"बांधी तलावाचीच होती. मले का माईत नोहोतं? आपल्या बाबाले बी माईत होतं. गेली तं गेली. पन तू पोस्टानं कागद पाठवला, भोजू. इथं यायचं होतं. इथं बसून म्हनायचं होतं, दादा, मी असं लिहून राहिलो. मी का तुले मारलं असतं?"

मी म्हटलं, "मारलं असतं."

"हाव," दादा म्हणाला. "पन मंग बोललो तं असतो."

मी दुसरा रिमोट उचलला.

वहिनींनी त्याची मूठ कोमट पाण्यात धरून एकेक बोट सोडवलं आणि रिमोट हातात दिला. अंगठा बटणापर्यंत पोचत नव्हता. पोचला तर दाबला जात नव्हता. लाल होडी पहिल्याच खडकावर गेली. दुसऱ्या वेळीही. दादाने मला शिवी दिली, जशी तेव्हा द्यायचा, कारण माझी हिरवी पुढे निघून जात होती. मी थांबून राहिलो. असे आम्ही अंधार पडेपर्यंत खेळलो. पुलापर्यंतही पोचलो नाही.

वहिनींनी मला न विचारताच माझं अंथरूण सपरीत घातलं. दादाने झोपण्याआधी बजावलं आहे की सकाळी लवकर उठ, उन्हाच्या आधी हात जास्त चालतो. उद्या कॉलेजला पहिला तास माझा आहे. प्राचार्यांना फोनवरून रजेचा अर्ज पाठवला. कारण लिहावं लागतं. ताप, असं लिहिलं.

मला ताप नाही.